सातव्या प्रकरणातली ओळ

“त्या दिवशी पहाटे, स्वल्पविराम, लोक खळ्यावर होते, पूर्णविराम. धान्य पाखडून राहिले होते…”

“थांबा, थांबा नत्थूजी. ‘पाखडून राहिले होते’ कोणी लिहिलं? मी ‘पाखडत होते’ लिहिलं.”

“छापलं बी तसंच आहे, सर. जीभ घसरली माही.”

“जीभ घसरू द्या. बोट नाही घसरलं पाहिजे.”

नत्थूजी हेडाऊ हसले आणि प्रुफाचा कागद खिडकीकडे वळवून पुन्हा वाचू लागले. समोर दिवाणावर मुकीत अन्सारी सर मांडी घालून बसले होते. डोळे उघडे होते, पण काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी त्यांतला उजेड नेला होता. खाली शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथली खटखट जिन्यानं वर यायची. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या या खोलीत गेले चार महिने दर सोमवारी आणि गुरुवारी एक कोष्टी एका मोमिनाला, विणकर घरातला हिंदू विणकर घरातल्या मुसलमानाला, प्रुफं वाचून दाखवत होता. खरं तर प्रुफाला दोन माणसं लागतात, एकानं मूळ लिखाण मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापील कागद पाहायचा. इथं पाहणारे डोळे एकाचेच. म्हणून नत्थूजी छापील कागद वाचत, टिंब-स्वल्पासकट, आणि सर ते आपल्या आठवणीशी ताडून पाहत.

प्रकरण अंदलूसमधल्या, म्हणजे मुसलमानी अमलातल्या स्पेनमधल्या, एका कुराण-भाष्यकाराचं होतं. तो तरुण असताना त्याच्या शहरावर सकाळीच शत्रूची धाड आली. खळ्यावरची माणसं मारली गेली आणि त्यांत त्याचा बाप गेला. लढाईत पडलेल्याला अंघोळ घालत नाहीत, रक्ताच्या कपड्यांतच पुरतात. घरी मेलेल्याला न्हाऊ घालतात, कफन घालतात. खळ्यावर मेलेला यांतला कुठला? पोरानं एका गुरूला विचारलं. तो म्हणाला, घाल अंघोळ. दुसरा म्हणाला, नको. काझी म्हणाला, घाल. त्यानं घातली. पुढं त्याचं शहरही गेलं, तो मिसरात, म्हणजे इजिप्तात, जाऊन राहिला आणि मोठा भाष्यकार झाला. शहिदांबद्दलच्या वचनाचा अर्थ लिहिता लिहिता मध्येच त्यानं लिहून ठेवलं की, नंतर मला ग्रंथांत वेगळं सापडलं. आधी ठाऊक असतं, तर बापाला मी धुतलं नसतं, होता तसाच ठेवला असता.

नत्थूजी वाचायचे थांबले.

“काय झालं? चूक आहे?”

“चूक नाही. सर, हे भाष्यात लिहिलं त्यानं? सोताच्या बापाचं?”

“भाष्यातच. वचनाच्या अर्थातच.” सरांनी गुडघ्यावर हात फिरवला. “लोकाले वाटते, भाष्य म्हणजे कोरडं काम. अरे बाप्पा, हा माणूस अर्थ सांगून राहिला आन् इकडं बापाच्या अंगावर पाणी ओतून राहिला. ती धाड आली नसती तर त्या वचनाचा अर्थ त्यानं दुसऱ्या शब्दांत लिहिला असता. हेच तर म्हणणं आहे माह्या पुस्तकाचं.”

पुस्तकाचं म्हणणं एवढंच होतं आणि तेवढंच लोकांना जड जाणार होतं. वचन एकच, पण बगदादमध्ये खलिफाच्या चाबकाखाली बसलेला त्याचा एक अर्थ सांगतो. ज्याचं गाव बुडालं तो दुसरा सांगतो. दमिश्कच्या तुरुंगात ज्याचा कागद आणि शाई काढून घेतली आणि जो कोळशानं लिहीत राहिला, तो तिसरा सांगतो. सर कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर बारा वर्षं त्यांनी हे लिहिलं, तेही मराठीत. उर्दूत का नाही, असं नत्थूजींनी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले होते, “उर्दूत लिहिलं तर आमचे न वाचताच भांडतील. मराठीत लिहिलं तर तुमचेही भांडतील. भांडण जरा बरोबरीचं होईल.”

“चहा घ्या,” सर म्हणाले, “मग ‘हुकूमवाल्यां’चं प्रकरण.”

त्या प्रकरणात एकच प्रश्न होता. ‘तुमच्यातले हुकूमवाले’ यांचं ऐकावं असं जिथं येतं, तिथं हुकूमवाले म्हणजे कोण? दरबारात बसलेला म्हणे सुलतान. दरबाराबाहेरचा म्हणे, सुलतान कसला, विद्वान!

“आमच्या घरी हुकूमवाली देवकी आहे,” नत्थूजी बायकोचं नाव घेऊन म्हणाले.

“हा अर्थ अजून कोणी काढला नाही. टाकू का?”

“टाका. पन मले जेवाले इथंच यावं लागन मंग.”

सर इतके हसले की कपातला चहा बशीत सांडला. नत्थूजीही हसले, पण त्यांचं लक्ष हातातल्या गठ्ठ्याच्या तळाकडे होतं. तळाशी सातवं प्रकरण होतं, शेवटचं.

नत्थूजी नववी नापास. बाप कोष्टीपुऱ्यात मागावर नऊवारी विणायचा. यंत्रमाग आले, हातमाग बसला आणि सोळा वर्षांचा नत्थू महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं, ओळीत बसवायचं. फोरमन बाबनरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कॉपी म्हणजे लेखकाचं लिखाण, दुसऱ्याचं पोर. सांभाळायचं, न्हाऊ घालायचं. त्याचं नाक सरळ कराले जायचं नाही.” नत्थूजींनी ते पाळलं. खिळे गेले, संगणक आला, हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर झालं आणि पुढच्या खोलीत टायपिंग सुरू झालं. प्रबंध, लग्नपत्रिका, पक्षांची पत्रकं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. कितीतरी प्रबंधांत पान चाळीस आणि पान दोनशे चाळीस एकमेकांना खोटं पाडायची. दिसायचं त्यांना. पण कधी एक अक्षर बदललं नाही. लिहिणाऱ्याची अक्कल लिहिणाऱ्याजवळ.

आणि सरांच्या पुस्तकात त्यांनी एक ओळ बदलली होती.

पंधरा दिवस झाले त्याला. सरांच्या वह्यांतली शेवटची वही त्यांनी जुळवायला घेतली होती. नजर जाता जाता लिहिलेली वही ती. ओळी एकमेकींवर चढलेल्या, शब्द पानाबाहेर गेलेले. ते अक्षर नत्थूजींशिवाय जगात कोणाला लागत नव्हतं, खुद्द सरांनाही नाही. नत्थूजींचा मुलगा वैभव मागं येऊन उभा राहिला. तो हुडकेश्वरकडचे प्लॉट विकायचा, त्यामुळं कोणाच्या मनात काय चाललंय हे त्याला धंद्यापायीच कळायचं. पडद्यावरची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली:

‘हे फक्त बगदादचे नाही. आमच्या शहरातही आज ज्याच्या हाती भोंगा त्याचाच अर्थ खरा मानला जातो, मग तो भोंगा मिनारावरचा असो की चौकातल्या मांडवातला. आणि आम्ही शिकलेले दोन्हीकडे मान डोलावतो, कारण आम्हाला घरी सुखरूप पोचायचे असते.’

“बाबा, हे छापून राहिले तुमी?”

“मी नाही छापत. मी जुळवतो.”

“तो म्हातारा एकटा राहते ना तिथं? त्याले त्याचेवाले धोपटतील आन् उरलासुरला आपलेवाले. मागच्या मार्चात काय झालं, विसरले का तुमी? दगडं काय, गाड्या काय. चार दिवस दूध नोतं घरात.”

“इतिहासाचं पुस्तक आहे गा वैभव. कोन वाचते?”

“वाचत कोनीच नाही. फोटो काढते एका ओळीचा आन् फिरवते. तेवढं पुरते.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मी वाईट नाही बोलून राहिलो बाबा. भेव वाटते मले. आंधळा मानूस हाय तो. दारावर कोन आलं हेबी दिसनार नाही त्याले.”

वैभव गेला. नत्थूजी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. दारावर कोण आलं हेही दिसणार नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांनी ती ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, ‘असे थोड्याफार फरकाने सर्वच काळात होत आले आहे.’ विचार करावाच लागला नाही. ज्यांनी कोणाचं काही बिघडत नाही आणि कोणाला काही कळतही नाही, अशी वाक्यं चाळीस वर्षं प्रबंध जुळवून त्यांच्या बोटांच्या टोकाशी आयती बसलेली होती. आपल्याकडे अशा वाक्यांवर माणसं डॉक्टर होतात.

आता चहाचे कप बाजूला सारून त्यांनी सातवं प्रकरण घेतलं. सहा पानं सरळ गेली. सातव्या पानावर ती जागा आली. कागदावर ‘असे थोड्याफार फरकाने’ होतं. ते वाचलं असतं तर सरांनी तिथल्या तिथं अडवलं असतं. ज्याच्या कानाला ‘राहिले होते’ खपत नाही, त्याला हे खपणार होतं थोडंच!

नत्थूजींनी कागदावर नजर ठेवली आणि तोंडानं मूळ ओळ म्हटली. भोंगा, मिनार, मांडव, सुखरूप पोचणं, स्वल्पविरामासकट. पंधरा दिवसांत ती त्यांना पाठ झाली होती. पाठ करायची नव्हती, तरी झाली होती.

सरांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“नत्थूजी, खरं सांगू? या एका ओळीसाठी बाकीचं सगळं लिहिलं मी. हजार वर्षांमागच्या मुर्द्यांवर बोट ठेवणं सोपं असते. ते उठून येत नाहीत. आपल्या गल्लीवर बोट ठेवलं नाही, तर मी कशाचा इतिहासवाला?” त्यांनी हवेत हात पुढे केला. नत्थूजींनी तो धरला. “तुम्ही होते म्हणून हे झालं. दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं असतं, तर त्यानं कुठं काय घातलं, मले काय कळलं असतं?”

नत्थूजींनी हात सोडवून प्रुफं गोळा केली. शनिवारी फाईल प्रेसला जायची होती. त्यानंतर कोणाला काही करता येणार नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ताट पुढ्यात घेतलं आणि जेवले नाहीत. देवकीनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

“वरनात काही पडलं का?”

“नाही वं.”

“मंग त्या सरायचं काही झालं.”

त्यांनी सांगितलं. ओळ बदलल्याचं सांगितलं आणि आज तोंडानं खरी वाचल्याचंही सांगितलं. देवकी लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, “बरं केलं. एकटा मानूस हाय बिचारा. उद्या कोनी काही केलं तं पुस्तक काय चाटाचं हाय?”

“तेच म्या म्हनतो.”

“बरंच केलं.” तिनं दोन पाकळ्या सोलल्या. “पन मंग सांगून टाका ना त्याईले. चांगलं केलं तं लपवून काहून राहिले?”

नत्थूजींनी ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. प्रुफाचा दिवस नव्हता, तरी सकाळी आठलाच ते मोमिनपुऱ्यात पोचले. खालचं दुकान नुकतं उघडत होतं. सर जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायचे.

“नत्थूजी? आज कसे? फाईल गेली का?”

“नाही गेली. सर, सातव्यात एक ओळ बदलली मी.”

“कोणती?”

नत्थूजींनी सांगितलं. छापलेलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं.

“मी वाचू शकत नाही, हे माहीत होतं तुमाले.”

“हाव.”

“आणि काल तोंडानं बरोबर वाचलं.”

“हाव.”

“म्हणजे दोनदा केलं.”

“दोनदा केलं, सर.”

सर उठले. भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेले आणि वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. “बारा वर्षं,” ते म्हणाले. “बगदादच्या माणसाले निदान खलिफानं चाबूक मारला. मले कोणी मारलं? तुम्ही मारलं? चहा पिऊन?” आवाज चढला होता. नत्थूजींनी सरांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. “‘थोड्याफार फरकाने’! अरे, शिवी द्यायची होती त्यापेक्षा!”

नत्थूजी दारातच उभे होते. बसा म्हणायला कोणी नव्हतं.

“काहून केलं?” सरांनी विचारलं.

“दारावर कोन आलं ते तुमाले दिसनार नाही म्हनून.”

सर वळले नाहीत.

“तुमच्यासाठी केलं, सर.” मग नत्थूजी थांबले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं जुळवलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य पुरं करायला वेळ लागला. “अर्धं तुमच्यासाठी. अर्धं माह्यासाठी. उद्या कोनी विचारलं, हे कोनाच्या घरात टाइप झालं, तं…”

सर आल्या वाटेनं, भिंत चाचपत, दिवाणावर येऊन बसले.

“बसा.”

नत्थूजी बसले.

“एक गोष्ट सांगू? मी सात प्रकरणं लिहिली. अर्थ कोणी भीतीनं बदलला, कोणी पगारासाठी, कोणी सुडानं. सगळ्याचे दाखले दिले. कोणी मायेपोटी बदलला असेल, हे एका ठिकाणीही लिहिलं नाही.” त्यांचा आवाज आता खाली आला होता. “एखाद्याचा गुरू तुरुंगात असेल. शिष्य नक्कल करून राहिला असेल. गुरूची एक ओळ त्यानं हळूच मऊ केली असेल, म्हातारा सुटावा म्हणून. आणि आम्ही हजार वर्षं ती मऊ ओळच गुरूची म्हणून वाचून राहिलो! हे मले सुचलंच नाही, नत्थूजी. बारा वर्षांत नाही सुचलं.”

“ओळ परत बसवतो, सर. होती तशी.”

“बसवाच. आणि खाली तळटीप टाका.”

“कायची?”

“काय झालं त्याची. कोणी बदललं, कुठं बसून बदललं, काहून बदललं. मेलेल्यांले मी हेच विचारून राहिलो ना? मग माह्याच पुस्तकात झालं ते झाकू?”

“माहं नाव येईन त्यात.”

“येईल. भेव वाटते?”

“वाटते.”

“मग तेही लिहा. मी सांगणार नाही, तुमच्या शब्दांत लिहा. मी फक्त ऐकीन.”

नत्थूजींनी सातव्या प्रकरणाचा तो कागद पिशवीतून काढला आणि गुडघ्यावर पाटी ठेवली. बदललेल्या ओळीवर काट मारली, समासात मूळ ओळ लिहिली. ते सोपं होतं. मग ते पानाच्या तळाच्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले. वैभवला काय सांगायचं, हे डोक्यात आलं. त्याचे प्लॉट, त्याची माणसं, सगळं आलं. पोरगं चिडेल, चार दिवस बोलणार नाही. वैभवचं भेव खोटं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेन दाबून लिहायला सुरुवात केली. दोनदा खोडलं. खाली दुकानात मशिनीची पट्टी चढवून कोणी ती चालवून पाहत होतं.

“वाचा,” सर म्हणाले.

“‘या ठिकाणची मूळ ओळ काढून मी दुसरी टाकली होती. लेखकाला दिसत नाही हे मला माहीत होते. शहरात दगडफेक होऊन वर्ष झाले होते. लेखकाला कोणी मारू नये असे वाटले, आणि मलाही. नंतर झोप येईना, म्हणून मूळ ओळ परत बसवली. नत्थू हेडाऊ, अक्षरजुळारी, हुडकेश्वर, नागपूर.’”

सर म्हणाले, “‘झोप येईना’ काढू नका कोणी सांगितलं तरी.”

“नाही काढत.”

“कुठं आहे ते?” सरांनी हात पुढे केला.

नत्थूजींनी त्यांची तर्जनी धरून पानावर ठेवली. आधी ती छापील ओळींवरून गेली. संगणकावरची छपाई, गुळगुळीत, बोटाला काही लागणारं नव्हतं. नत्थूजींनी बोट खाली, तळाशी आणलं. तिथं पेन इतकं दाबून चाललं होतं की कागदाला चर पडले होते.

“हे लागते,” सर म्हणाले.

बोट एकेका शब्दावरून हळू सरकू लागलं. शेवटच्या ओळीवर पोचलं तेव्हा नत्थूजी म्हणाले, “हे माहं नाव.”

बोट तिथं थांबलं. कागद हलू नये म्हणून नत्थूजींनी तो दोन्ही हातांनी ताणून धरला.